ज्यांना बसायचं त्यांनी बसावं

सिस्टर निवडून आल्या तेव्हा त्यांचा थोरला भाऊ म्हणाला होता, "चला, तुझी रात्रपाळी तरी सुटली." सारी हयात सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेली, त्यामुळे संसदेतही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत, अगदी विरोधकसुद्धा. सत्ताधारी पक्षाच्या शेवटच्या बाकावर त्यांची जागा. पक्ष सांगेल तेव्हा हात वर करायचा आणि मधल्या वेळात कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या साखरेची चौकशी करायची. भाषण म्हणावे असे त्यांनी कधी केले नव्हते.

मग भावाच्याच सैन्यातल्या मुलाचे पथक परदेशी पाठवायचे ठरले. दूरच्या एका देशात यादवी पेटली होती. इतर देशांच्या फौजांबरोबर मध्ये उभे राहून ती थोपवायची, अशी ती मोहीम. सरकारने निर्णय घेतला, बंदरात बोट लागली, आणि संसदेपुढे मागाहून निवेदन होईल असे जाहीर झाले.

वहिनी घरी आली ती पाण्याला हातही न लावता म्हणाली, "वन्सं, किती दिवसांसाठी चाललाय तो? काही झालंच तर परत आणणार कोण? तुम्ही आत बसता, तुम्हाला माहीत असेल."

सिस्टरांना माहीत नव्हते. कुणालाच नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. त्यांनी तसे सांगितले आणि शब्द दिला, "विचारल्याशिवाय बोट सुटणार नाही."

लगेच भाच्याचा फोन. "आत्या, मला अडवू नकोस. मला जायचंय. इथं सगळे हसतील."

"अडवतंय कोण? जा की. पण पाठवणाऱ्यांनी चारचौघांत सांगून पाठवावं. पोट फाडायचं तर घरच्यांना आधी विचारतात, टाके घातल्यावर नाही."

संसदेचा नियम सोपा होता. एखाद्या सभासदाने तातडीची चर्चा मागितली की पाठिंबा असणाऱ्यांनी जागेवर उभे राहायचे. चाळीस जण उभे राहिले तर चर्चा आणि मतदान घ्यावेच लागे. मोजणी सुरू झाली की ती संपेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही की उठलेल्याने बसायचे नाही, ही तिथली जुनी शिस्त. पण विरोधक मूठभर. मग सिस्टरांनी वॉर्डात मारावी तशी उपाहारगृहात टेबलाटेबलाशी फेरी मारली. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुमच्या गावचं कोण चाललंय?" माणसे "बघू, बघू" म्हणत आणि प्रतोद दिसला की कपात तोंड खुपसत.

प्रतोद म्हणजे पक्षाच्या सभासदांना वळवून गोठ्यात आणणारा माणूस. तो सिस्टरांजवळ आला. "पुढच्या वेळी तिकीट हवंय ना, सिस्टर?"

"हवंय की. पण तिकिटावर उतरायचं ठिकाण लिहिलेलं असतं, साहेब. या पोरांच्या मोहिमेचं कुठं लिहिलंय?"

प्रतोद हसला, पण त्याने वारा कुठे वाहतो ते ओळखले. त्याने बेत केला: सिस्टरांची मागणी पुरी व्हायच्या आत आपले सगळे सभासद बाहेर न्यायचे. आत माणूसच नसेल तर उभे राहणार कोण?

मागणीच्या दिवशी सकाळी वरची गॅलरी सैनिकांच्या घरच्यांनी भरली होती. पहिल्या रांगेत वहिनी आणि भाऊ. सिस्टरांनी उठून मागणी मांडायला सुरुवात केली, प्रतोदाने खूण केली आणि सत्ताधारी बाके उठली. पण ती तरणी पोरे थोडीच होती? कुणी चष्मा शोधत होता, कुणाचा पाय बधिर झाला होता. तेवढ्यात सिस्टरांचे बोलणे संपले. अध्यक्षांनी समोरच्या कागदातून मान न काढता वाचले, "ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी जागेवर उभे राहावे," आणि वर पाहिले. अर्ध्याहून अधिक सभागृह उभे.

"मोजणी सुरू. कुणीही जागा सोडू नये."

"अध्यक्ष महाराज," प्रतोद घाईने म्हणाला, "आम्ही बाहेर जायला उठलो होतो."

"मला उठलेले दिसतात. कशाला उठले ते दिसत नाही."

हशा पिकला. सिस्टर गप्प राहिल्या असत्या तरी काम झाले असते. पण त्यांनी शब्द दिला होता तो विचारण्याचा, पेचात पकडण्याचा नाही.

"अध्यक्ष महाराज, चुकून उठलेल्यांना धरू नका. न विचारता पोरं पाठवावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल बसावं. मग मोजा."

आजवर त्या सभागृहात बसणे इतके जड कुणाला गेले नव्हते. वरून आया, बाप, बायका टक लावून पाहत होत्या. प्रतोद बसला. मंत्र्यांची रांग बसली. आणखी काही जण खाली मान घालून बसले. एक लठ्ठ सभासद, जो पक्षाविरुद्ध कधी शिंकलाही नव्हता, अर्धा वाकला, त्याची नजर वर गेली आणि तो पुन्हा ताठ झाला.

"बसा ना," प्रतोद पुटपुटला.

"गुडघा वाकत नाहीये, साहेब. सिस्टरांना विचारा."

त्याच्या शेजाऱ्याचाही वाकेना. मग त्यांच्या पुढच्या रांगेत कुणाचाच वाकेना. चाळिसाचा आकडा केव्हाच मागे पडला, तरी अध्यक्षांनी शेवटच्या माणसापर्यंत सावकाश मोजले.

चर्चा दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. संरक्षणमंत्री आधी गोल गोल बोलले, मग घसा खाकरून सरळ बोलू लागले. मोहीम मंजूर झाली, पण अटींवर. मुदत एक वर्षाची, वाढवायची तर पुन्हा संसदेला विचारायचे. डॉक्टर आणि जखमींसाठी हेलिकॉप्टर तिथे आधी पोचवायचे, पथक नंतर. आणि यापुढे कोणतेही पथक मतदानाशिवाय देश सोडणार नाही. मतदानात प्रतोदाचाही हात वर होता.

बोट आठवडाभर उशिरा सुटली. धक्क्यावर भाचा सिस्टरांच्या पाया पडून म्हणाला, "आत्या, बोटीवर सगळे विचारतात, ती बाई तुझी कोण."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, सख्खी आत्या आहे, जपून राहा."

तेवढ्यात गर्दीतली एक आई रडत वहिनीला म्हणाली, "कधी येणार हो ही पोरं, कुणास ठाऊक."

"कुणास ठाऊक कसं?" वहिनीने पदर खोचला आणि आजूबाजूच्या साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती एकेक अट सांगू लागली.