एसटीत आखलेला तास

बंगळुरूच्या हॉटेलात वाढपी म्हणून कामाला निघालो, तेव्हा घाटनांदूर-परळी एसटीत शाळेतल्या एक बाई शेजारी होत्या. गिऱ्हाइकं इंग्रजी बोलतात म्हणे. मी सातवीतून शाळा सोडलेला, इंग्रजीत तोंडच उघडायचं नाही. बाई मात्र उद्याचा इंग्रजीचा तास वहीत आखून माझ्यावरच करून बघत होत्या. मला जांभई आली की पान खोडायच्या.

"वर्गात पोरं झोपण्यापरीस हितं तुमीच झोपा, दादा!"

तीन पानं गेली. मग त्या चहावाल्या झाल्या, मी गिऱ्हाईक.

"टी कोल्ड!" मी खेकसलो. अख्खी एसटी हसली. बाईंनी पटकन लिहून घेतलं.

"भांडणात कुणी झोपत न्हाई. उद्या हेच घेते."

परळीला रेल्वेत मी टीसीला इंग्रजीतच सीट विचारली. त्यानं मराठीत सांगितली; पण बाई, तुमच्यामुळं तोंड तर उघडलं!