शिवी देणाऱ्या आचाऱ्याकडे दोन दिवस

आमच्या भजनी मंडळाची सहल त्या वर्षी कोकणात न्यायची असं ठरलं, आणि राहण्या-जेवणाची जागा आधी बघून यायला बायकांनी मला पाठवलं. हे २००४ सालच्या फाल्गुनातलं. माझं वय तेव्हा सत्तर, शिक्षण चौथीपर्यंत. मलाच का, तर त्याचं कारण त्यांनी तोंडावर सांगितलं, "आक्का, तुम्हाला कुणी फसवू शकत नाही." हे काही कौतुक नव्हतं. मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा जाच त्यांना वर्षभर होतो. एकदा तरी त्याचा उपयोग करून घ्यावा, असा त्यांचा विचार.

कराडहून सकाळची चिपळूण गाडी धरली. पाटण गेलं, कोयनानगर गेलं आणि कुंभार्ली घाट लागला. घाटात गाडी तापली. कंडक्टर बाटली घेऊन झऱ्यावर गेला, तोवर आम्ही खाली उतरून उभे राहिलो. आमच्या बाजूचे डोंगर उन्हाने भाजून पिवळे पडले होते. समोर कोकणाच्या अंगाला मात्र झाडी दाट होती. शेजारचा प्रवासी म्हणाला, "आजी, हवा बघा कशी आहे." मी बघितली. दमट होती, लुगडं अंगाला चिकटत होतं.

चिपळूणला गाडी बदलली, गुहागरला आणखी एकदा. वेळणेश्वरला उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. देवळाच्या मागे नारळी आणि नारळींच्या मागे समुद्र. मला समुद्राचं फार अप्रूप नाही, पण पाणी स्वच्छ होतं, हे खरं. ज्या घरी जायचं ते देवळापासून लांब, एका वाडीत होतं. तिकडे पाखाडी (चिऱ्याच्या दगडांच्या पायऱ्यांची वाट) उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल आणि एक चप्पल हातात, अशी मी त्या घराच्या खळ्यात (सारवलेल्या अंगणात) पोचले.

घर कौलारू आणि नीटनेटकं. मालकीण सुलभा, चाळिशीची, चटपटीत. तिने गूळ-पाणी दिलं. प्रवासाचं विचारत असताना तिचा नवरा दत्ताराम मागच्या आगरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) पुढे आला. स्वयंपाक तोच करतो, असं तिने मंडळाला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा. त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं, मानेला झटका दिला, घशातून 'हुक्' असा आवाज काढला आणि मोठ्याने म्हणाला, "रांड आली."

हा शब्द मी इथे लिहिते आहे, कारण तो लिहिला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. नवरा मेलेल्या बाईला हिणवायचा शब्द आहे. माझा नवरा मी एकोणतीस वर्षांची असताना गेला. पुढे सासू, दोन दीर आणि एक चुलत जाऊ यांच्या तोंडून मी तो वर्षानुवर्षं ऐकला. पाणी भरताना, ताटावर बसताना, सणावारी तर ठरलेलाच.

सुलभा मध्ये आली. "आजी, त्यांच्या मनात नाही हो तसं. आजार आहे. आपोआप येतं तोंडातून."

"विधवा बघूनच बरा येतो आजार."

"चुकलं आजी," दत्ताराम म्हणाला, आणि लगेच तोच शब्द पुन्हा म्हणाला. मग मान खाली घालून मागे निघून गेला.

मी पिशवी उचलली. पण शेवटची गाडी गेली होती, दुसरी सकाळी. तेव्हा राहणं भाग होतं. मनाशी ठरवलं, राहायचंच आहे तर याला उघडा पाडून जायचं.

पहिल्यांदा वाडीतल्या दुकानात गेले. चपलेला लावायला सेफ्टी पिन पाहिजे होती. दुकानदार टकला, बोलका. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "दत्तारामाकडे उतरलात काय? काय म्हणाला तो?"

"जे म्हणाला ते म्हणाला."

तो हसला. "आमच्याकडे शिमग्यात होळीपाशी उभं राहून सगळेच शिव्या देतात हो, कुणी मनावर घेत नाही. आमच्या दत्तारामाचा शिमगा बारमाही. मला टकल्या म्हणतो."

"टक्कल पडायच्या आधी काय म्हणायचा?"

"जाड्या."

"म्हणजे बघून कळतं त्याला."

"कळतं की. नेमकं जे बोलू नये तेच जिभेवर येतं, असं तो सांगतो. आता खरं-खोटं आपण काय बघणार? देवाच्या कामात मात्र एक अक्षर येत नाही हां."

मला तेवढंच पाहिजे होतं.

दिवेलागणीला वाडीच्या देवळात आरती होती, तिथे गेले. दत्ताराम पखवाज घेऊन बसला होता. आमच्या मंडळात आम्ही बारा वर्षं पखवाजवाला बदलून बदलून थकलो आहोत, त्यामुळे हात मला कळतो. याचा हात पक्का होता. अर्धा तास वाजवलं. मानेला झटका नाही, घशात आवाज नाही, शिवी तर नाहीच. मी खांबाला टेकून त्याच्या तोंडावरची नजर हलवली नाही. मनात म्हटलं, सापडलास.

जेवायला सुलभाने वाढलं. ओल्या काजूची उसळ, भात, सोलकढी. उसळ फार चांगली होती आणि याचाही मला राग आला. दाराआडून मधूनच 'हुक्' ऐकू यायचं. सुलभा समोर बसून सांगत होती. हे त्याला आठव्या वर्षापासून आहे. आधी डोळे मिचकावायचा, मग मान उडायला लागली, मग शिव्या. मास्तरांनी छड्या मारल्या, घरच्यांनी देवाला कौल लावला, मिरच्यांची धुरी दिली. लग्नानंतर तिनेच त्याला मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. टूरेट असं काहीतरी नाव त्यांनी सांगितलं. गोळ्यांनी झोप यायची, म्हणून त्या सोडल्या.

तिने कागद दाखवला. इंग्रजीत होता. मी उलटसुलट करून परत दिला. कागदावर काय, काहीही लिहिलेलं असतं.

"तुला देतो का शिव्या?"

"मला? मला सगळ्यांत जास्त."

मग तिने मुद्दा काढला. गेल्या महिन्यात पुण्याचे एक गृहस्थ त्याच्या कानाखाली मारून, भरल्या पानावरून उठून गेले. तेव्हापासून कुणी उतरलेलं नाही. "तुमच्या तीस बायका आल्या तर घर चालू आहे असं लोकांना दिसेल. नाहीतर हे बंद करून मुंबईला भावाकडे जायचं. त्याच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लागून शेजार. तिथे यांना कोण सहन करणार? इथे निदान वाडी ओळखते." ती जरा पुढे सरकली. "मी यांना तुमच्या बायकांसमोर येऊच देणार नाही. मागे गोठा आहे, गुरं आता नाहीत. तीन दिवस तिथे राहतील, तिथूनच स्वयंपाक करून देतील. तुम्ही फक्त आधी कुणाला सांगू नका."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सकाळची गाडी मी मुद्दाम सोडली. दत्ताराम पडवीत विळीवर नारळ खवत बसला होता, तिथे जाऊन उभी राहिले.

"काल देवळात अर्धा तास गप्प होतास."

"पखवाजावर असलो की येत नाही. हात आणि डोकं दोन्ही गुंततं." मान उडाली. शब्द आला. त्याने ओठ चावला.

"मग आज दुपारी माझं जेवण होईपर्यंत गप्प राहून दाखव. वाढायचं पण तूच."

आतून सुलभा म्हणाली, "आजी, नको हो तसलं काही."

"तू थांब गं," तो तिला म्हणाला. मग मला, "शिंक दाबतात तसं दाबता येतं थोडा वेळ. पण नंतर..."

"नंतरचं नंतर."

"राहिलो तर बायका येतील?"

"बघू," मी म्हटलं.

दुपारी पान मांडलं. त्याने वाढलं. मी मुद्दाम हळू जेवले, हे कबूल करते. भात नको होता, तरी दोनदा घेतला. ताक मागितलं, मीठ मागितलं. दर वेळी तो आत जाऊन घेऊन आला. दात घट्ट दाबलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, कपाळावरून घाम गळत होता. पायाची बोटं जमिनीला रोवून उभा राहायचा. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. मी चूळ भरली आणि मनात म्हटलं, राहता येतं ना? मग काल का नाही राहिलास?

पत्रावळ टाकायला मागे आगरात गेले, आणि तिथे तो दिसला.

सोडणांच्या (नारळाच्या काढलेल्या सालींच्या) ढिगाशी गुडघ्यांवर बसून त्याने गोणपाटाच्या घडीत तोंड खुपसलं होतं. सगळं अंग उडत होतं. गोणपाटातून आवाज येत होता. त्यात माझा शब्द होता, बायकोला होते, आईला होते, देवालाही होते. एकामागून एक, श्वास घ्यायला जागा न ठेवता. एका मुठीने तो स्वतःची मांडी बडवत होता. सुलभा शेजारी बसली होती, एका हातात पाण्याचं भांडं, दुसरा हात त्याच्या पाठीवर. डांग्या खोकल्याच्या पोराला धरतात तसं तिने धरलं होतं.

मला बघून ती उठली नाही. "आता अर्धा तास असंच," म्हणाली. "दाबलं की दुपटीने येतं. म्हणून नको म्हणत होते."

त्याने तोंड वर केलं. सालींची धूळ घामाला चिकटली होती. मी दिसले आणि शब्द आला. शब्द आला तसा त्याचा चेहरा पडला. शिवी खाणाऱ्या माणसाचा पडतो तसा. माझ्या सासूचा चेहरा मला पाठ आहे, दिरांचाही. हा शब्द उच्चारताना त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा असा झालेला मी बघितला नव्हता. जाऊ तर हसून म्हणायची.

"नंतर काय होतं ते मला आधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, नंतरचं नंतर."

पत्रावळ टाकून मी आत गेले. तासाभराने तो आणि सुलभा पडवीत आले, तेव्हा मी सांगितलं, "गोठ्यात ठेवणार असलीस तर आम्ही येणार नाही. आणि काय ऐकावं लागेल, कुणाकडून, ते सगळं मी बायकांना आधी सांगणार."

सुलभा चिडली. "मग कोण येणार आहे, आजी? तुम्हीच सांगा."

"ते मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. गाडीपर्यंत माझी पिशवी घेऊन दत्ताराम आला. कंडक्टर थोडा लंगडत होता, त्याला 'लंगड्या' ऐकावं लागलं. कंडक्टर म्हणाला, "पुरे की रे," आणि मला तिकीट दिलं. रोजची ओळख असावी. गाडीत एक शहरातली बाई मात्र तोंड फिरवून म्हणाली, "सकाळी सकाळी दारू." मी तिला सांगणार होते, आणि सांगायला लागल्यावर लक्षात आलं की मला ते नीट सांगता येत नाही. आजाराचं नाव सांगितलं तर ती हसली.

गावी देवळात बायका जमल्या. मी सगळं सांगितलं. तो शब्दही देवळात, मोठ्याने उच्चारला. दोघीतिघींनी कान झाकले. चिटणीस बाई म्हणाल्या, "आक्का, एवढ्या संशयी तुम्ही, आणि तुम्हीच फसलात? जेवण होईपर्यंत गप्प बसला म्हणता ना? मग सोंगच की." परवापर्यंत मी हेच म्हणत होते, त्यामुळे त्यांना दोष देता येईना. गोणपाटाचं पुन्हा सांगितलं. "तेही सोंग," त्या म्हणाल्या. "आपण दुसरीकडे जाऊ."

तीसपैकी सतरा बायकांनी नावं काढून घेतली. कुंकू असलेल्या जवळजवळ सगळ्या. तसला शब्द सवाष्णीच्या कानावर पडणं अशुभ, असं एकीने सांगितलं. उरल्या तेरा, त्यांतल्या दहा माझ्यासारख्या. हे मला अपेक्षित नव्हतं. माझ्याहून थोरल्या गंगूबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, "आपण काय पहिल्यांदा ऐकणार आहोत? निदान हा ऐकवून वर उसळ तरी वाढतो." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी बूथवर जाऊन फोन लावला. सुलभाने उचलला. ती हॅलो म्हणते तोच मागून 'हुक्' आणि मग तो शब्द आला. तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण एकदम सगळं बंद झालं. मी थांबले. तिने हात काढल्यावर म्हटलं, "ऐकलं मी. हात ठेवायचं कारण नाही. तीस नाही, तेरा पानं, तीन दिवस. वाढायला तोच पाहिजे."

तिने तेराचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "सांगितलंत सगळं?"

"सगळं."

सगळा विश्वास बसला आहे का, असं कुणी विचारलं तर अजूनही मी लगेच हो म्हणणार नाही. एवढ्या माणसांतून नेमकी विधवा, नेमका लंगडा याला कसा सापडतो, हे मला कळत नाही, आणि कळल्यासारखं मी करणार नाही. फोनवर तो शब्द कानावर पडला तेव्हा मला राग आला का? आला. चाळीस वर्षांचा राग आहे, तो एका दुपारीत जाणार नाही. पण पूर्वी तो शब्द आला की राग कुणावर काढायचा हे मला पक्कं ठाऊक असायचं. वेळणेश्वरहून आल्यापासून तेवढं मात्र सापडत नाही.