वापसीकाकांची शेवटची फेरी

आमच्या विमान कंपनीत कॅप्टन पुष्कळ होते, पण परत फिरण्याबद्दल प्रसिद्ध असलेले एकच. पुढचं हवामान पसंत पडलं नाही किंवा एखादा दिवा उगीच लुकलुकला, की हे विमान वळवायचे. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'वापसीकाका' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

सहवैमानिक म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?"

"ग्वाल्हेर, सर. नई सडक."

"अरे वा, मी तिथल्याच कंपू मोहल्ल्यातला. मग ते सर-वर राहू दे, काका म्हण."

त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेले. फौजींच्या घरात हा माघार घेणारा कुठून जन्मला, असं लग्नाकार्यात नातेवाईक त्यांना चिडवायचे. काका जिलबी खात म्हणायचे, "आपल्याला कसली गडबड आहे? ग्वाल्हेर कुठे पळून चाललंय का?"

परत फिरल्यावर ते कॉकपिटमध्ये लपून बसत नसत. दारात हात जोडून उभे राहायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे. एकदा एका नवरदेवाच्या मामानं त्यांना असं झापलं की मलाच रडू यायला लागलं. काका म्हणाले, "गाली देतायत ना, म्हणजे सगळे सहीसलामत आहेत."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी दिल्ली-ग्वाल्हेर फेरी मागून घेतली; शेजारी मीच होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं मुलाला विमान घेऊन येताना कधी पाहिलं नव्हतं. ती भाकरतुकडा घेऊन विमानतळावर येऊन बसली होती, मुलावरून ओवाळून टाकायला. ही त्याची शेवटची फेरी आहे, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वाटेत ढगात शिरलो आणि पंखांवर बर्फ साचू लागला. आमच्या विमानाच्या पंखांना पुढच्या कडेला रबराची पट्टी असते. ती फुगली की बर्फ तडकून पडतो. त्या दिवशी उजवीकडची पट्टी फुगेना. सूचनांप्रमाणे सगळं करून पाहिलं, उपयोग झाला नाही. काकांनी परवानगी घेऊन विमान खालच्या उबदार हवेत आणलं. ग्वाल्हेर जवळच होतं, पण तिथे ढग जमिनीला टेकले होते. उतरायला जमलं नसतं तर पुन्हा बर्फात चढावं लागलं असतं. दिल्लीचं आकाश मोकळं होतं.

"काका, आई येऊन बसल्यायत," मी म्हटलं.

"मागे बसलेल्यांच्या पण आया आहेत, बेटा," म्हणत त्यांनी विमान वळवलं. पंखावर थोडा बर्फ उरला असेल म्हणून दिल्लीला वेग जरा जास्त ठेवून ते व्यवस्थित उतरले.

दारातलं ऐकून घेणं आटोपल्यावर ते रिकाम्या विमानात पहिल्या रांगेत बसले. आईचा फोन आला. कमी ऐकू येत असल्यामुळे ती मोठ्यानं बोलायची, म्हणून मलाही सगळं कळलं.

"ठीक आहेस ना रे? मग राहू दे. आता परत कधी आणशील विमान?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आणीन, आई. जल्दीच."

प्रवाशांशी कधी खोटं न बोललेला माणूस. मला हुंदका आवरला नाही. आता काका नाहीत. हिवाळ्यात ढगांपासून विमान वळवताना मला त्यांचं ते "जल्दीच" ऐकू येतं, फार वाईट वाटतं, आणि तरी मी वळवते.