चीफकाकांचं खारं पाणी

चीफकाकांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला चहा मिळत नसे, खारं पाणी मिळत असे. मी क्युपर्टिनोला त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा नागपूर-मुंबई-सिंगापूर करत दीड दिवसाचा प्रवास झाला होता. पाय सुजले होते, घशाला कोरड पडली होती. सॅन होजेला माझं मास्टर्स सुरू व्हायचं होतं आणि खोली मिळेपर्यंत राहायला हे एकच ओळखीचं घर होतं. पांढऱ्या मिशांच्या, सडपातळ काकांनी जाड काचेचा एक बेढब पेला माझ्या हातात दिला. "पी पोरी. एका दमात. थुंकायचं नाही." मला वाटलं, लिंबू सरबत असेल. कसलं काय! पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी आलं. "अहो काका, हे काय?" तर म्हणे, "बुडी मारलीस ना? मग प्यायचं." मी प्यायले बिचारी. आतून त्यांची सून, संध्यावहिनी, ओरडली, "बाबा, तिनं उलटी केली तर मी पुसणार नाही हं!"

तो पेला पेला नव्हताच. रशियन पाणबुडीतल्या दिव्यावरची काच होती ती. काका आपल्या नौदलात इंजिनावर होते आणि चीफ या हुद्द्यावरून निवृत्त झाले, म्हणून चीफकाका. साठच्या दशकात आपण सोव्हिएत युनियनकडून पाणबुड्या घेतल्या, तेव्हा त्या चालवायला शिकण्यासाठी जे लोक व्लादिवोस्तोकला गेले त्यांत तेही होते. पहिल्या बुडीच्या वेळी त्यांच्या रशियन उस्तादानं दिव्याची काच फिरवून काढली, तिच्यात समुद्राचं पाणी भरलं आणि एकेकाला पाजलं. तिकडची रीतच तशी. "समुद्रानं आपल्याला प्यायच्या आधी आपण त्याला प्यायचं," काका सांगत. रीतीला एक नियम होता: पाणी आपल्या हातानं घ्यायचं नाही, जो आधी खाली जाऊन आलाय त्यानंच द्यायचं. परत येताना उस्तादानं ती काच काकांच्या कोटाच्या खिशात कोंबली. अमेरिकेत नव्यानं उतरलेली आम्ही पोरं म्हणजे काकांच्या हिशेबी पहिली बुडी मारणारे खलाशी. त्यामुळे कुणाचीच सुटका नव्हती.

काकांचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. तिथे तळी पुष्कळ, समुद्राचा पत्ता नाही. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या पुढच्याच वर्षी ते भरती झाले. तेव्हा त्यांचे वडील म्हणाले होते म्हणे, "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं होतं रे, तू तर जमीनच सोडली!" हे सांगताना काका स्वतःच खो खो हसायचे. पण एकदा चौदा एप्रिलच्या तयारीत मी पताका चिकटवत बसले होते, तेव्हा न हसता म्हणाले, "गावच्या विहिरीला आम्हाला हात लावता येत नव्हता. अन् त्या काचेतून आधी मी प्यायलो, माझ्यामागं त्याच काचेतून एक देशपांडे प्यायला. पुसलीसुद्धा नाही त्यानं. पाणी खारट होतं का गोड, मला कळलंच नाही बघ." मी मान खाली घालून पताकाच चिकटवत राहिले. आमच्या घरीही आजोबा विहिरीच्या गोष्टी सांगायचे. वर बघितलं असतं तर मला रडूच आलं असतं.

माणूस इतका हळू वावरायचा की मांजर बरी. ताट ठेवलं तर आवाज नाही, दार लावलं तर आवाज नाही. वहिनी स्वयंपाकघरात मागे वळायची आणि काकांना बघून दचकायची. "बाबा, जरा खोकून तरी येत जा हो!" पाण्याखाली आवाज केला की शत्रूला पत्ता लागतो, ही सवय हाडीमाशी भिनलेली. आम्ही विद्यार्थी जमलो की कल्ला करायचो, तेव्हा ते कोपऱ्यात बसून म्हणत, "तुमची पाणबुडी तर पहिल्याच दिवशी गेली बाप्पा." आंघोळीचंही तेच. लोटाभर पाण्यात आंघोळ उरकायचे आणि माझा शॉवर चालू राहिला की बाहेरून म्हणायचे, "समुद्र संपवतेस का गं?" घरात आले की आधी नाक वर करून हवा हुंगायचे. "जड झाली," म्हणायचे आणि एसी चालू असताना खिडक्या उघडायचे. यावरून वहिनीशी रोज खटका उडायचा.

पण त्या वर्षांत त्यांचा खरा खटका पेपरशी उडायचा. ते लायब्ररीत जाऊन पेपर-मासिकं चाळत. सोव्हिएत युनियन मोडला होता आणि त्याच्या आरमाराचे फोटो येत. गंजून एका अंगावर कललेल्या पाणबुड्या, भंगारात काढलेल्या युद्धनौका, पगार थकलेले खलाशी. आमच्यातला एक जण सहज बोलून गेला, "काका, चिल यार, अमेरिकेला बरंच झालं की." काका त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "जहाज बुडलं तर दुःख नाही रे. जहाजच आहे, बुडेल. पण उभ्या उभ्या सडावं? अन् ज्यानं बांधलं तो देशच नकाशावर नाही. रडायला तरी कोणाच्या दारात जायचं?" तो मुलगा वरमला. काका मात्र त्याला आग्रहानं जेवायला थांबवून घेऊन दोन पोळ्या जास्त वाढत बसले.

एवढ्या लोकांना पाणी पाजलं, पण त्यांच्या स्वतःच्या मुलानं, विलासदादानं, ते कधीच घेतलं नाही. विलासदादा एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होता. बापाला आणलं, वेगळी खोली दिली, डॉक्टर, औषधं, कशात म्हणून कमी केलं नाही. फक्त शेजारी बसत नसे. सोफ्यावर काका असले की हा खुर्ची ओढायचा. मला खूप राग यायचा त्याचा. शेवटी एकदा वहिनीनंच सांगितलं. दादाची आई गावाकडे तापानं गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि अग्नी त्यानंच दिला. नौदलाला तार केली होती, तार पोचल्याचं उत्तरही आलं होतं. वडील मात्र महिन्यानं आले. "तार मिळाली तरी बाप आला नाही," असं भावकीतलं प्रत्येक माणूस त्या पोरासमोर बोलत होतं. काकांनी कधी खुलासा केला नाही आणि दादानं कधी विचारलं नाही. पंचवीस वर्षं दोघंही मेले गप्प!

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात बातमी आली की लॉस एंजेलिसजवळच्या बंदरात एक रशियन पाणबुडी आणून ठेवली आहे, तिकीट काढून आत जाता येतं. फोटो बघितला मात्र, काकांनी तो डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा पाहिला. ते ज्या बनावटीच्या पाणबुडीवर होते तीच ही. तोवर त्यांची छाती पार खराब झाली होती, जिना चढताना दोनदा थांबावं लागे. जेवणाच्या टेबलावर ते म्हणाले, "विलास, एक मागू?" काकांनी कुणाकडे काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. "मला तिथं ने. अन् काठावर उभा नको राहू. आत ये माझ्यासोबत." दादा पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. "बाबा, नव्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे माझी. ही नेईल ना ड्राइव्ह करून," त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. काका "बरं" म्हणाले आणि ताट उचलून आत गेले. ताटाचा आवाज झाला नाही.

शनिवारी सकाळी मी माझी खटारा गाडी घेऊन पोचले, तर दादा आपल्या व्हॅनमध्ये स्टिअरिंगवर बसलेला. मी म्हटलं, "आणि रिलीज?" "पुढे ढकलली. बस मागे," एवढंच बोलला. सहा-सात तासांच्या रस्त्यात बाप-लेकांत जे काही बोलणं झालं ते पेट्रोल आणि लघवीला थांबण्यापुरतं.

पाणबुडी बघून मला तर वाईटच वाटलं. काळी, पोपडे आलेली, बाजूला पॉपकॉर्नची गाडी. आत कर्कश भोंग्यांची टेप लावलेली. काकांनी कानांवर हात ठेवले. "एवढा आवाज? आम्ही तर याच आवाजानं मेलो असतो!" पण पहिलं गोल दार आलं आणि जिन्यात धापा टाकणारा हा माणूस वरचा दांडा धरून, आधी पाय घालून अलगद पलीकडे गेला. मागून दादानं डोकं आपटून घेतलं. काका एकेका चाकावर, नळीवर हात फिरवत चालले होते, माहेरी आलेली बाई भिंतींवरून फिरवते तसा. इंजिनांपाशी बराच वेळ उभे राहिले. मग अगदी मागच्या खोलीत, टॉर्पेडोच्या वर टांगलेल्या, खलाशांच्या झोपायच्या फळ्यांपाशी थांबले आणि खालच्या फळीवर बसले.

"विलास," ते म्हणाले, "अशाच फळीवर होतो मी, तुझी माय गेली तेव्हा." आणि मग त्यांची भाषा एकदम गावाकडची झाली. "मले कोणी नाही सांगितलं रे. कॅप्टनले संदेश आला होता. पण आम्ही गस्तीवर होतो, मागे फिरता येत नव्हतं. अन् इंजिनावरचा माणूस मनानं मोडला तर सगळेच गेले. म्हणून त्यानं दाबून ठेवलं. तरी कसं कोण जाणे, सगळ्यांले समजलं होतं, एक मले सोडून. त्या दिवसांत मी पत्त्यांत सारखा जिंकत होतो. रोज जिंकायचो. मोठमोठ्यानं हसायचो. बंदरावर आल्यावर कळलं, ते मले जिंकू देत होते."

दादा उभाच होता. त्याच्या तोंडून इंग्रजी मिसळलेल्या मराठीशिवाय मी कधी काही ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "मले वाटे तुम्हाले माहीत होतं. बाबा, मले वाटे तुम्ही माहीत असून नाही आले. काऊन नाही सांगितलं?"

"तुनं एकट्यानं अग्नी दिला होता. त्याच्यापुढं मी काय सांगू? का मले माहीत नव्हतं, मी पत्ते खेळत होतो?"

विलासदादा त्या अरुंद फळीवर त्यांच्या शेजारी बसला. मागे लोकांची रांग थांबली होती, कोणी तरी "एक्सक्यूज मी" म्हणत होतं. मी गोल दारात आडवी उभी राहिले आणि खुशाल सांगून टाकलं की आत एकांची तब्येत बिघडली आहे. रांग थांबली तर थांबली!

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "बाबा, ती काच आणलीत?" "नाही रे. तू कधी मागितली नाहीस, मग कशाला आणू?" "घरी गेल्यावर द्याल?" काका उन्हात डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होते. "देतो ना. आज दमायला होईल. उद्या देतो."

उद्या आलाच नाही. घरी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली आणि पहाटे हॉस्पिटलात हलवावं लागलं. तोंडात नळी, बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दादा पलंगाला चिकटून बसला होता. काका हाताची मूठ पुन्हा पुन्हा वर न्यायचे, पेला धरल्यासारखी. नर्सला वाटलं तहान लागली, तिनं ओल्या बोळ्यानं त्यांचे ओठ पुसले. त्यांनी मान हलवली आणि मूठ दादाच्या दिशेनं केली. ते पाणी मागत नव्हते, देत होते. ते आम्हा दोघांनाच कळलं, आणि कळून काय उपयोग? त्या रात्री चीफकाका गेले. त्यांच्या सवयीप्रमाणे, आवाज न करता.

टेपवर त्रिसरण-पंचशील लावून आम्ही त्यांना निरोप दिला. लोक आले, जेवण घेऊन आले, गेले. वहिनी थकून झोपली. मी भांडी आवरत होते, तेव्हा विलासदादा स्वयंपाकघरात आला. त्यानं कपाटातून ती जाड काच काढली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवली.

"तू प्यायली आहेस ना? मग तूच दे."

मी पाणी भरलं. मीठ किती घालायचं ते मला ठाऊक नव्हतं, काकांना कधी विचारलंच नव्हतं. अंदाजानंच घातलं, ढवळलं. रीत होती, म्हणून म्हटलं, "एका दमात. थुंकायचं नाही."

दादानं काच दोन्ही हातांत धरली आणि एका दमात रिकामी केली. काच खाली ठेवून तो ओट्याला टेकला. मग त्यानं मला विचारलं, "बाबांचं पण एवढंच खारट असायचं?"

"एवढंच," मी म्हटलं.