चोवीस अंशांनी चुकलेला मामा

आमच्या घरात ज्योतिषी व्हायला फार काही लागत नाही. चष्मा लागतो, आवाजात ठामपणा लागतो आणि जन्मवेळ ऐकल्यावर "हं..." असं म्हणून थोडा वेळ गप्प बसता आलं पाहिजे. हे तिन्ही माझ्याकडे आधीपासून होतं. पन्नाशीत मोबाईलवर कुंडलीचं ॲप आलं आणि मी सुटलोच.

मी नांदेडला मोजणी खात्यात आहे. शेतांच्या हद्दी मोजून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे आकडा आला की तो खराच असणार, अशी माझी स्वतःबद्दल एक समजूत होती. ॲपमध्ये जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकलं की ग्रह अंश-कलांसकट समोर यायचे. अगदी सुरुवातीला त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, सायन की निरयन? सायनच्या खाली बारीक अक्षरांत काहीतरी चार ओळी होत्या. मी पहिली वाचली, "सूर्याच्या ऋतूंनुसार प्रत्यक्ष स्थितीवर आधारित." प्रत्यक्ष म्हणजे शास्त्रशुद्ध, असं मनाशी म्हटलं आणि त्यावर बोट ठेवून पुढे गेलो. उरलेल्या तीन ओळी वाचल्या असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती.

वर्तमानपत्रात जन्मतारखेवरून छापतात ती रास सूर्याची आणि आपण पत्रिकेत पाहतो ती रास चंद्राची, एवढं मला ठाऊक होतं. कार्यालयात कुणी "साहेब, माझा वाढदिवस ऑगस्टातला, म्हणजे मी सिंह ना?" असं विचारलं की मी दयेने हसायचो. तेवढ्याशा माहितीवर माझी सगळी ऐट उभी होती.

मग मी घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका नव्याने काढल्या. गंमत म्हणजे एखाददुसरा सोडला तर सगळे एकेक घर पुढे सरकले होते. मी जन्मभर तूळ राशीचा होतो, तो वृश्चिकेचा निघालो. बायको कर्केची सिंह झाली. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय, आता घाबरायचं का तुम्ही?" मी म्हटलं, घाबरतच होतो, कारण आत्ता कळलं. आम्ही हसलो. सगळेच्या सगळे एकाच दिशेने कसे सरकले, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. शेतात असं झालं असतं, दहा गटांच्या हद्दी एकाच बाजूला सरकलेल्या दिसल्या असत्या, तर मी टेप खाली ठेवून आधी मोजणी जिथून सुरू केली तो पहिला दगड तपासला असता. इथे मात्र मी निकाल देऊन टाकला, की जुने लोक हाताने गणित करायचे, चुका व्हायच्याच.

माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, तेव्हा आमच्याकडेच राहायची. बहीण आणि दाजी भोकरला, शेती तिथली. मुलगी नांदेडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करायची. तिच्यासाठी लातूरचं स्थळ आलं. मुलगा शिकवणीच्या वर्गांत भौतिकशास्त्र शिकवणारा, आई शाळेत भूगोलाची शिक्षिका, वडील बँकेतून निवृत्त. बघण्याचा कार्यक्रम माझ्या घरी झाला. पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर बोलायला गेली. तिथून तिच्या हसण्याचा आवाज खाली आला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी मुलाच्या वडिलांना अंश-कला समजावत होतो.

मुलाची पत्रिका त्यांनी दिली. कन्या रास, हस्त नक्षत्र, आद्य नाडी. भाचीची जुनी पत्रिका भोकरच्या गुरुजींनी केलेली होती, तिच्यात वृषभ रास, रोहिणी नक्षत्र. माझ्या ॲपने सांगितलं, मिथुन, आर्द्रा. मी पंचांगातला गुणमेलनाचा तक्ता काढला. आर्द्रेची नाडी आद्य, हस्ताची आद्य. दोघांची एकच नाडी. आमच्याकडे एवढं कळलं की पुढे कुणी काही विचारत नाही, पत्रिका मिटतात.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, गुरुजींनी तर रोहिणी लिवलंय की."

"गुरुजी चुकलेत," मी म्हणालो.

"पोरगा लई चांगला वाटला रे."

"चांगला आहेच. पण एक नाडी आहे. उद्या काही झालं तर मला बोलू नकोस."

असं म्हटल्यावर कुठली आई पुढे बोलेल? भाचीला मी जेवताना सांगितलं. ती आमटी वाढून घेत होती. "बरं, मामा," एवढंच म्हणाली. रात्री बायकोने विचारलं, "तिला काही विचारलंत का?"

"पत्रिकेत विचारायचं काय असतं?"

हे माझंच वाक्य आहे. बायकोने ते पाठ करून ठेवलंय.

लातूरला नकार कळवायचं कामही मीच अंगावर घेतलं. मुलाचे वडील बिचारे म्हणाले, "अहो, आमच्या गुरुजींनी जुनी पत्रिका पाहून चांगली जुळते म्हणून सांगितलं." तेव्हा मी त्यांना पारंपरिक गणितातल्या उणिवांवर बराच वेळ व्याख्यान दिलं. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी फोनवर हिशोब शिकवत होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर महिन्याभराने संक्रांत आली. बहीण आणि दाजी भोकरहून आले होते. गुळाच्या पोळ्या, तूप, सगळे जेवायला बसलेले. मला वाटलं, सूर्य मकर राशीत नेमका कधी शिरतो ते आपण ॲपवर बघून सांगावं. बघितलं तर सूर्य आज मकरेत शिरतच नव्हता. तो कधीचाच शिरून बसला होता. मकरेचा मोठा हिस्सा ओलांडून तो कुंभेकडे निघाला होता. मी लगेच जाहीर केलं, "बघा, खरं तर संक्रांत होऊन गेलीये. डिसेंबरातच."

दाजी पोळी मोडता मोडता थांबले. "म्हंजी नाताळाच्या आदीच तिळगूळ वाटायचा होता व्हय?"

"शास्त्राप्रमाणे तसंच म्हणावं लागेल."

"अन् हे समदं गाव आज येड्यावानी वाटून राहिलंय?"

बहीण पदर तोंडाला लावून हसायला लागली. भाची हसली नाही. तिने हात धुतले, माझ्या पुढ्यातला मोबाईल उचलला आणि म्हणाली, "मामा, सगळं जग चुकलं आणि तुमचा मोबाईल बरोबर, असं कसं होईल?"

तिने त्या न वाचलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. दिवस-रात्र समान होतात त्या वसंतातल्या बिंदूपासून पाश्चात्त्य ज्योतिषी मेष रास मोजायला सुरुवात करतात, ते सायन. म्हणून त्यांचा सूर्य डिसेंबरात, उत्तरेकडे वळतो त्याच दिवशी, मकरेत जातो. आपल्याकडे मेषेची सुरुवात आकाशातल्या ताऱ्यांवरून धरलेली आहे, ते निरयन. पूर्वी कधीतरी ही दोन्ही ठिकाणं एकच होती. पण तो वसंतातला बिंदू ताऱ्यांच्या मानाने हळूहळू मागे सरकतो, बहात्तर वर्षांत जेमतेम एक अंश. सरकत सरकत आता चोवीस अंशांचं अंतर पडलंय. त्या अंतराला अयनांश म्हणतात. सायन ग्रहाच्या अंशांतून ते वजा केले की आपली रास मिळते.

एक रास तीस अंशांची. म्हणजे चोवीस अंशांत माणूस जवळजवळ एक अख्खी रास पुढे जातो. माझं अख्खं घर असं पुढे गेलं होतं. मी ग्रह एका पद्धतीचे घेतले आणि तक्ता दुसऱ्या पद्धतीचा लावला. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक होत्या. मध्ये मी होतो.

भाचीने निरयनवर बोट ठेवलं. स्वतःची तारीख आधीच भरलेली होती. तिने वाचलं, "वृषभ. रोहिणी. अंत्य नाडी." नाडी वेगळी. दोष नाही. तिने मोबाईल उलटा करून ताटाशेजारी ठेवला आणि उगाचच एक रिकामं पातेलं उचलून स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

मला वाटत होतं, दाजींनी एखादा टोमणा तरी मारावा. ते पोळीकडे बघत बसले. तूप थिजत चाललं होतं. मी त्या दिवशी कशाचा शास्त्रोक्त मुहूर्त काढत होतो, ते आठवलं की आजही मान वर होत नाही.

दोन दिवसांनी मी आणि दाजी लातूरच्या एस.टी.त बसलो. माफी मागायची आणि बोलणी परत सुरू करायची, असं आमचं ठरलं. लोह्याच्या पुढे गाडीला जागा झाली तसे दाजी मोकळे झाले.

"मोजणीदार, आमच्या शेताची मोजणी करायला आलता तवा पयल्यांदा काय इचारलं होतं?"

"दगड."

"कोन्ता दगड धरून मोजायचं ते इचारलं होतं. दोन तास त्या दगडापायी भांडलात सगळ्या भावकीशी. अन् पोरीच्या पत्रिकेला?"

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर तूर काढणी चालू होती.

"न्हाई, मी आपलं इचारून राहिलो," दाजी म्हणाले.

लातूरला मुलाच्या आईवडिलांनी नीट बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. अयनांश समजावायला बशीवर कप ठेवून बशी फिरवायला लागलो, तेव्हा मुलाच्या आईने कप काढून घेतला. "मी भूगोलच शिकवते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आम्हाला वाटलं, मुलगा पसंत नसेल, म्हणून पत्रिकेचं निमित्त. तसं असतं तरी चाललं असतं. सरळ सांगायचं होतं."

"तसं नव्हतं हो. चूक माझी."

"बरं. मग आता मुलीचं काय म्हणणं आहे?"

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं बाप्ये दोन पत्रिका घेऊन एवढ्या लांब आलो होतो आणि जिचं लग्न तिचा एक शब्दही आमच्याकडे नव्हता. एवढंच नाही, तर आम्ही लातूरला निघालोय हेही तिला सांगितलेलं नव्हतं. तिला आनंदाचा धक्का द्यायचा, असं मी ठरवलं होतं. धक्के देण्यात मी पटाईत झालो होतो.

"विचारून सांगतो," मी म्हणालो आणि तिथल्या तिथे तिला फोन लावला.

"मामा, तुम्ही लातूरला? कुणाच्या घरी?" मागे कुणी पेशंट कण्हत होता. "तुम्ही मला न विचारता नकार दिलात. आता न विचारता होकार घेऊन गेलात का?"

समोर बसलेल्या दोघांना ते ऐकू गेलंच. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तसं नाही गं..."

"काकूंचा नंबर पाठवा. ड्यूटी संपली की त्यांच्याशी मी बोलते. तुम्ही काही बोलू नका."

मुलाच्या आईने पहिल्यांदाच थोडं हसून माझ्याकडे पाहिलं आणि आपला नंबर सांगितला. मग आम्हाला जेवायला वाढलं. मी जेवलो. नाही म्हणायचा अधिकार आपल्याला उरलाय, असं वाटेना.

त्यांचं दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या रविवारी भाची लातूरला जायला निघाली, मुलाला पुन्हा भेटायला. मी विचारलं, "मी येऊ का सोबत?" ती विचार करून म्हणाली, "या. पण बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. मुलाचे वडीलही माझ्याशेजारी येऊन बसले. ज्या माणसाला मी फोनवर हिशोब शिकवला होता, त्यांनी मला पेपर दिला, पंखा लावला आणि गुडघे दुखतात का, म्हणून विचारलं. दार लोटलेलं होतं. आतून मध्येच दोघांचं हसू ऐकू यायचं, मध्येच बराच वेळ काहीच नाही. मुलगा आता नको म्हणाला तर? त्याला तसा पूर्ण हक्क होता. एकदा नाकारलं गेल्यावर कोण सहज हो म्हणतो? या पोरीचं चांगलं चाललेलं मी एका बोटाने मोडलं होतं आणि ते जुळवण्याचं काम मला जमण्यासारखं नव्हतं. मी पेपरची एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

ती बाहेर आली, मुलाच्या आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "चला, मामा." मुलगा गाडीपर्यंत सोडायला आला. मला म्हणाला, "जपून जा मामा." त्या "मामा"वरून मी काहीतरी ताडलं, पण आता ताडण्याची हौस फिटली होती.

गाडी चाकूरच्या पुढे गेल्यावर धीर करून मी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तुला कसा वाटतो मुलगा?"

"आवडलाय. मी हो म्हटलंय, तोही हो म्हणालाय. आई-बाबांना मी संध्याकाळी सांगणार आहे." मग खिडकीची काच सरकवत ती सहज म्हणाली, "तेव्हाच आवडला होता."

अहमदपूरला गाडी थांबली. मी खाली उतरलो आणि दोन चहा घेऊन आलो. तिने एक कप घेतला, गरम आहे म्हणून ओढणीच्या टोकात धरला आणि मला बसायला जागा करून दिली.