दोन सीट फरार

जगात जितके सिनेमे निघाले असतील त्यातले निम्मे आमच्या मामेसासऱ्यांनी पाहिले आहेत, आणि एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नाही. पैजेवर सांगतो! मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, मुक्काम अकोट. दर शुक्रवारी अकोल्याला आमच्याकडे यायचं, मला सोबत घेऊन दुपारचा खेळ पाहायचा आणि पावणेसहाची परतीची गाडी पकडायची, हा त्यांचा नेम. खेळ सुटतो सहाला. म्हणजे नायिकेच्या गळ्याला सुरी लागलेली असो की नायक कड्याला लोंबकळत असो, साडेपाच वाजले की मामा पिशवी उचलून उभे. एकदा मी म्हटलं, "अहो, थांबा की, नंतरही गाडी आहे." तर म्हणाले, "जवाईबापू, तुमची मामी स्टँडवर येऊन उभी राह्यते. मी गाडीतून उतरलो नाही, त जीव टांगनीले लागते तिचा." मामी गेली त्याला वर्ष झालं, पण मामांचं साडेपाचला उठणं काही सुटलं नाही.

सिनेमा पाहण्याची त्यांची रीतही कंडक्टरचीच. थिएटरात शिरल्या शिरल्या माणसं मोजायची, "एकोणतीस सीट." माणसाला माणूस म्हणणं त्यांना आजवर जमलेलं नाही, सीटच म्हणणार. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की बोटातली अंगठी खुर्चीच्या हातावर वाजवतात. एकदा 'टक' म्हणजे थांबा, दोनदा 'टकटक' म्हणजे जाऊ द्या. पुढच्या रांगेतले लोक वळून वळून पाहतात, आणि मी उगाचच मोबाइलमध्ये तोंड खुपसतो.

तर मध्यंतरी तो फरारी जोडप्याचा सिनेमा लागला. एक पुरुष, एक बाई, दोघं पळताहेत. काय केलं म्हणून पळताहेत, ते दिग्दर्शकालाच माहीत! मध्यंतरापर्यंत मला वाटत होतं की मागे पोलीस आहेत. मग कळलं, तो बाईचा भाऊ आहे. मग तो भाऊ आरशात पाहतो, तर आरशात पळणारा पुरुषच! माझं डोकं पार भंजाळलं. मामा ऐन रंगात उठून गेले. मी शेवटपर्यंत बसलो आणि होतो त्याहून जास्त गोंधळून बाहेर आलो.

घरी पोचताच त्यांचा फोन, "जवाईबापू, सापडले का ते दोघं?"

"मामा, खरं सांगू? मला कळलंच नाही."

"बाप्पा! डोये उघडे होते ना तुमचे?"

शनिवारी फोन, रविवारी दोनदा. आजवर हजार शेवट सोडून आलेल्या माणसाला ह्याच शेवटाची एवढी काळजी का, हे काही मला उमगेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, मामा-मामी पळूनच गेले होते ना." बारा वर्षं जावई आहे मी ह्या घरचा, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मामांची ड्यूटी दर्यापूर-अकोट. ड्यूटी सोडून पळायचं तर नोकरी जाणार, म्हणून मामीला त्यांनी आपल्याच गाडीत बसवलं, रीतसर तिकीट फाडून. दोन थांब्यांनंतर तिचे दोघे भाऊ तिला शोधत त्याच गाडीत चढले. ती पदर ओढून ड्रायव्हरच्या मागे बसलेली. मामांनी त्या दोघांचीही तिकिटं फाडली, सुटे परत दिले, आणि ते पुढच्या गावी उतरताच डबल बेल मारली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं पुन्हा त्याच सिनेमाला गेलो. साडेपाचला मामा उठले. मी त्यांचा हात धरला, "मामा, आज बसा." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

शेवट असा: ते दोघं एका रिकाम्या बसमध्ये, बाहेर दाट धुकं, धुक्यात मागून दिवे येताहेत, आणि पडदा पांढरा होतो. संपलं! लोक कुरकुरत उठले. मीही मनातून चरफडत होतो, कारण आता म्हाताऱ्याला काय सांगू?

मामाच म्हणाले, "चढले किती?"

"दोन."

"उतरलं कोनी?"

"कुणीच नाही."

"मंग कायले टेन्शन घेता? चालून राह्यली गाडी." आणि पांढऱ्या पडद्याकडे पाहत त्यांनी अंगठी वाजवली, टकटक.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामा, पावणेसहाची गेली." ते म्हणाले, "जाऊ द्या. आता स्टँडवर कोन वाट पाहून राह्यलं?" त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे मुक्काम केला.

त्या सिनेमाचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण कुणी विचारलंच, ते दोघं सापडले का, तर मी ठामपणे सांगतो, नाही सापडले, मामांनी डबल बेल दिली होती.