मोरीच्या आधी पेटी

आमच्या वस्तीत जे काही पक्कं आहे, ते बाहेरगावच्या पगारातून आलेलं आहे. विहाराचा पत्रा भिवंडीच्या गोदामांतून आला, बोअरची मोटार चाकणच्या कंपन्यांतून, रस्त्यावरचे सौरदिवे दुबईतून. वस्तीत राहतात त्या बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं. कमावणारे मोबाइलमध्ये राहतात. जयंतीला येतात, गुलाल धुऊन विहारात बसतात आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवून जातात.

आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. गाव आणि वस्तीच्या मध्ये ओढा. एसटी, गॅसचा टेम्पो, दवाखान्याची गाडी, सगळं गावाच्या बाजूला थांबतं. पावसाळ्यात तर वस्तीच तुटते.

माझे वडील छापखान्यात होते. त्यांनी आणलेल्या पत्रकांवर मी वाचायला शिकले. ‘कमळ’च्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायला लागलं. त्यामुळे वस्तीच्या ग्रुपवर टाकायचं आवाहन लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

त्या वर्षी माझ्या चुलतभावाला ओढ्यावर मोरी बांधायची होती. तो दुबईत उंच इमारतींना काचा बसवतो आणि वस्तीला सगळ्यांत जास्त पैसे तोच पाठवतो. त्याने फोन केला.

“आईला आता ओढा वलांडता येत न्हाय. सिमेंटचे पाइप टाकू, वर भराव घालू. आपल्या पैशात व्हतंय.”

“दादा, मोरी बांधणं सरकारचं काम आहे. तुझ्या घामातून त्यांची जबाबदारी का भागवायची? मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. हक्कानं घेऊ.”

“आन् हक्क पावसाच्या आदी येतोय का?”

“येणार. आपण आणायचा.”

माझ्या डोक्यात दुसरंच काही होतं. त्याच्या महिनाभर आधी वस्तीतले एक आजोबा गेले होते. मुलं मुंबईहून येईपर्यंत मयत ठेवायला आम्ही गावाची शवपेटी मागितली, आत बर्फासारखी थंडी धरणारी. त्यांनी दिली, लगेच दिली. परत नेऊन ठेवल्यावर मात्र ती अंगणात काढून दोनदा धुतली आणि वर उदबत्ती लावली.

“तुमच्यामुळं न्हाई ओ पावणं,” एक जण म्हणाला, “कुनाचंबी असलं तरी धुतोच.”

त्याआधी गावातल्या एका मयतानंतर पेटी परत आली, तेव्हा मी तिथेच उभी होते. कुणी धुतली नव्हती.

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘आमच्या माणसाला आमची पेटी!’ ग्रुप पेटला. कधी एक शब्द न लिहिणारे वॉचमन, लोडर, ड्रायव्हर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट टाकू लागले. शेवटी दादाचा मेसेज आला, “जितलीस बाई. पेटी घ्या. मोरी तुझ्या सरकारकडून.”

पेटी आली तेव्हा चैत्र होता. ओढा कोरडा होता. पिकअप त्यातून सरळ विहारापर्यंत आली. त्या दिवशी ओढा आम्हाला दिसलाच नाही.

दादाची आई, माझी काकी, काठी टेकत बघायला आली. तिने काचेवर हात फिरवला. “जित्तेपनी साधा कूलर न्हाई भेटला, आन् मेल्यावर एसी! लाइट गेल्यावर काय करायचं गं, वारा घालायला बसशील का?” सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

भाद्रपदात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी काकीचा दमा उसळला. गाडीला फोन केला. गाडी वेळेवर आली, पण पलीकडच्या काठावर उभी राहिली. ओढ्याला कमरेच्या वर पाणी होतं, गढूळ आणि जोराचं. अलीकडे मी, माझी वहिनी, दोन म्हातारे आणि प्लास्टिकच्या खुर्चीत काकी.

“थांबा, उतरू नका!” ड्रायव्हर ओरडला. “पाणी कमी व्हतंय!”

खरंच कमी होत होतं. इंचाइंचाने. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. गाडीतल्या डॉक्टरांनी दोनदा पाण्यात पाय घातला आणि मागे घेतला. काकीचे ओठ निळे पडत होते. मध्ये एकदा तिने माझा हात धरला.

“तुजा अर्ज कुठवर आला?”

टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की आज तो उपयोगाला येईल.

पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा आम्ही खुर्ची उचलली. मधोमध तिची मान कलली. पलीकडे डॉक्टरांनी तपासलं, डोळे बघितले आणि नुसती मान हलवली. मग त्याच पाण्यातून तीच खुर्ची आम्ही परत आणली.

दादा तिसऱ्या दिवशी पोहोचला. पेटी सुरू होती, लाइटही गेली नाही. तो काचेवर ओणवा होऊन किती वेळ बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. “तू पेटीचं लावून धरलंस, म्हणून तोंड तरी दिसलं बाई.”

त्याने मला शिवी दिली असती तर मी उभी राहू शकले असते.

कार्य झाल्यावर तो म्हणाला, “आता मोरीचं लिही. कसंबी लिही.” मी लिहिलं. चार दिवस खोडून लिहिलं. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, पैसे आले नाहीत. आत्ताच तर दिले, कंपनीत माणसं कमी केलीत, पुढच्या वर्षी बघू. माझ्या पहिल्या पत्रकात अपमान होता, त्याची आग सगळ्यांना कळली. ओढ्याने कुणाचा अपमान केलेला नाही. तो नुसता वाहतो.

दादाला निरोप द्यायला मी काठापर्यंत गेले. म्हणाले, “दादा, त्या वेळी मी नडले नसते तर…”

“नगं बोलू.” तो बूट काढत होता. “मी बी व्हय म्हनलोच की.”

बूट गळ्यात अडकवून, बॅग डोक्यावर घेऊन तो पाण्यात उतरला. पलीकडे जाऊन त्याने ओले पाय तसेच बुटात घातले आणि एसटीच्या दिशेने चालू लागला.

सोमवारी मी ग्रामपंचायतीत गेले. क्लार्कने फाइल शोधली. “ताई, अर्जावर वस्तीतल्या सह्या कमी पडत्यात. कमावत्या मानसांच्या घ्या.”

कमावती माणसं इथे राहत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग येतील तेव्हा घ्या.